खामगावची जुनी जिनिंग वापरात आणताना : कामाच्या नोंदी

विदर्भ-खानदेशात गावोगावी बंद जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे जुने कारखाने, पडून आहेत. एखादी न पाडता वापरात आणायची असेल तर वेळ कुठे जातो, पैसा कुठे जातो आणि काय बिघडतं हे कोणीतरी आधी सांगितलेलं बरं, म्हणून साइटवरच्या डायरीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. मी सिव्हिल इंजिनियर आहे, काम मालक कुटुंबाच्या वतीने बघते. आकडे आमच्या साइटचे आहेत, तुमच्याकडे थोडे मागेपुढे होतील.

११ जानेवारी २०२४

ताबा मिळाला, कुलूप उघडलं. शेजारी-शेजारी दोन लांब छपरांची जोडशेड, दोन्हींच्या मधे एकच सामाईक पन्हळ. तिला लागून कापसाच्या गाठी दाबायचं प्रेसघर, मागे बॉयलरघर आणि विटांची उंच चिमणी. एकूण बांधकाम साधारण ११ हजार चौरस फूट. भिंती दोन फुटी, भाजक्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. छपराला सागाच्या कैच्या (छपराचा भार घेणारे त्रिकोणी सांगाडे), मधल्या रांगेत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब. आत दोन रेचे (सरकी काढायची यंत्रं) आणि त्यांना पट्ट्यांनी फिरवणारा वरचा लांब दांडा, लाइन शाफ्ट, जागेवर आहे. पट्टे कधीच गेले.

खामगावातल्या जुन्या जिनिंग रेल्वे स्टेशनच्या आसपासच का आहेत, याचं उत्तर रेल्वेत आहे. १८७० साली मुख्य मार्गावरच्या जलंबहून रेल्वेचा फाटा खामगावात आला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होता आणि गाठी मुंबईला न्यायला रेल्वेच हवी होती. जिनिंग रुळांच्या जवळ उभ्या राहिल्या, पुढे गाव त्यांच्याभोवती वाढलं. तेव्हा कडेला असलेली जमीन आज भर बाजारात आली आहे आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. जमिनीचा भाव वर, इमारतीचा भाव शून्य.

मालकांच्या घरात दोन मतं आहेत. पुतण्या म्हणतो पाडा आणि प्लॉट पाडा. त्याच्या काकांना, म्हणजे काकाजींना, जिनिंग पाडायची नाही, पण कुलूप लावून ठेवणंही परवडत नाही. शेवटी ठरलं ते असं : शेडमध्ये भाड्याचे गाळे आणि आठवडी विक्रीची मोकळी जागा, प्रेसघरात अभ्यासिका, बॉयलरघरात चांदीच्या कारागिरांना जागा. खामगाव चांदीचं गाव आहे आणि पुष्कळ कारागीर घरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून काम करतात, त्यामुळे मागणी आहे हे आधीच दिसत होतं. आधी मागणी बघा, मग आराखडा करा.

२९ जानेवारी

आठवडाभर मोजमाप. इमारतीचा मंजूर नकाशा कोणाकडेच नाही, असणारही नाही. मिळकत पत्रिकेवर जुनी नोंद आहे, तिच्यात नंतरची पत्र्याची भर नाही. वापर औद्योगिकचा वाणिज्य करायचा तर आधी आहे त्या इमारतीचा मोजणी नकाशा करावा लागतो, मग त्यावर प्रस्ताव. मुंबई आणि काही भाग सोडता राज्यभर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. पार्किंग, जिने, दरवाजांची रुंदी सगळं तिच्यातून तपासून घ्या. नवीन बांधकामाचे नियम जुन्या भिंतींना लावायला गेलं की काही ठिकाणी बसत नाहीत. आम्ही बाहेर पडायचे दरवाजे वाढवले आणि बाहेरच्या भिंतींची रेषा अजिबात हलवली नाही, त्यामुळे सामासिक अंतराचा (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेचा) वाद आला नाही.

भिंतींना तडे आहेत, नैऋत्य कोपऱ्याला जास्त. तिथे बाहेर मोठा कडुनिंब आहे. प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली, शेजारी तारीख लिहिली. काच फुटली तर तडा हलतो आहे, शाबूत राहिली तर जुना आहे. स्वस्तातलं साधन, पण जानेवारीतच लावायला हवं. उन्हाळ्यात लावून काही कळत नाही.

१९ फेब्रुवारी

कर्जाचं. बँकेच्या मूल्यांकनात इमारतीची किंमत भंगाराएवढी धरली, कारण वय. सागाचं लाकूड, दोन फुटी भिंती, यांना त्या तक्त्यात जागाच नाही. कर्ज फक्त जमिनीवर बसलं आणि अपेक्षेपेक्षा बरंच कमी. म्हणून काम दोन टप्प्यांत घेतलं : आधी छप्पर, पाण्याचा निचरा आणि शेड, भाडं सुरू झालं की प्रेसघर आणि चिमणी. असं काम काढणाऱ्यांनी पैशाची जुळणी करताना इमारतीला शून्य धरूनच हिशोब करावा.

पुतण्याने पुन्हा मुंबईचं उदाहरण काढलं, गिरण्यांच्या जागेवर काय उभं राहिलं बघा म्हणून. मी म्हटलं, नीट बघूया. मुंबईत ५८ गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. जमिनीचे तीन वाटे : एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ ला दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे ज्या जमिनीवर शेड उभी होती ती वाटणीतून सुटली आणि गावाच्या वाट्याला आली ती उरलेली फट. गिरणगावच्या लोकांना काय मिळालं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे तेवढा जमिनीचा दाब नाही, एवढ्या मजल्यांना गिऱ्हाईकही नाही. प्लॉट विकून एकदाच पैसा येईल आणि बाजाराच्या मधोमध आणखी चार बंद शटरं उभी राहतील. काकाजी एवढंच म्हणाले, "आपलं गाव मुंबई नाही, बेटा, हे त्याला सांग." मी सांगितलं.

७ मार्च

छपराला हात घातला. सगळ्यात आधी छप्पर, बाकी काहीही नंतर. पावसाळ्याआधी डोक्यावर झाकण नसेल तर खालचं प्रत्येक काम वाया.

जुने नाळीदार पत्रे जाड आणि वजनदार आहेत, बरेच अजून चांगले. पण मधल्या काळात कोणी तरी उत्तरेचा पाखा अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांनी झाकला होता. हे पत्रे फोडून खाली टाकायची सगळीकडे पद्धत आहे. ती थांबवा. धूळ फुप्फुसात जाते आणि परत येत नाही. आम्ही पत्रे पाण्याने भिजवले, पत्रे धरणारे लोखंडी आकडे ग्राइंडरने न कापता हाताने तोडले, अख्खे पत्रे दोरांनी उतरवले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि घातक कचऱ्याच्या बुटीबोरीच्या केंद्राकडे रवाना केले. मजुरांना मास्क द्या म्हटल्यावर ठेकेदाराने कापडी मास्क आणले. ते परत पाठवले आणि बारीक धूळ अडवणारे मागवले, तोवर दीड दिवस काम बंद ठेवलं. उतरवण्यापेक्षा नेण्याचा खर्च जास्त आला. अंदाजपत्रकात हा आकडा वेगळा धरा.

२६ मार्च

कैच्या तपासल्या. सुतार मामा प्रत्येक तुळईवर लाकडी हातोडी मारून आवाज ऐकतात, मग टोच्याने टोचतात. टणक आवाज आला तर पुढे जायचं, भद्द आला तर खडूने खूण करायची. मधला भाग जवळजवळ सगळा निरोगी निघाला. कुजली होती ती टोकं, जिथे कैची भिंतीत बसते तिथे. वरून गळलेलं पाणी त्या खोबणीत साचलं आणि लाकूड आतून मऊ पडलं. एका टोकात टोचा मुठीपर्यंत गेला, बाहेर काढला तर टोकाला ओलसर, तांबूस भुगा आणि त्यात वाळवी.

अशी आठ टोकं. अख्खी कैची बदलायचा खर्च भयंकर आहे आणि त्या जाडीचा साग आता मिळतही नाही. मामांनी कुजलेला भाग कापला, आवारातल्याच पडक्या खोलीच्या जुन्या सागाचे तुकडे तिरपा जोड करून बसवले, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. मग भिंतीतल्या खोबणीत टोक परत बसवताना गवंड्यांना एकच सूचना होती : भोवती सिमेंट भरायचं नाही. लाकडाच्या तिन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी राहिली पाहिजे, हवा खेळली पाहिजे. ही जागा दर वेळी स्वतः वर चढून बघावी लागली, कारण मोकळी खोबण दिसली की गवंड्याचा हात भरायलाच जातो.

छपरावर पांढऱ्या रंगाचे पत्रे घेतले, खाली काचलोकरीचा दोन इंची थर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, नुसत्या पत्र्याखाली गाळा चालणार नाही. माथ्यावरचं जुनं व्हेंटिलेटर कोणी तरी बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. जिनिंगमधली तुसाची धूळ बाहेर जावी म्हणून ते होतं, आता गरम हवा बाहेर काढेल. काढलेल्या जुन्या पत्र्यांतले चांगले पत्रे सायकलस्टँडला वापरले.

१५ एप्रिल

चुन्याची तयारी. कळीचा चुना कटनीहून मागवला. हौदात विरवला, वर सतत पाणी ठेवून मुरत ठेवणार. चुना विरताना पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात, डोळ्याला चष्मा हवाच. मिश्रण : एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. काळ्या, जास्त भाजलेल्या विटांची भुकटी स्वस्तात मिळते पण ती चुन्याशी धरत नाही. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचं की नाही यावर इथे प्रत्येकाचं वेगळं मत. आम्ही गुळाचं पाणी अगदी थोडं घातलं. जास्त घातलेल्या नमुन्याला मुंग्या लागल्या.

चुन्यात काम केलेले गवंडी शोधण्यात खूप वेळ गेला. अखेर बाळापूरकडचे एक म्हातारे मिस्त्री मिळाले, त्यांनी तरुणपणी देवळांची दुरुस्ती केली होती. त्यांची मजुरी साध्या गवंड्याच्या दीडपट आहे आणि ती पूर्ण वसूल होते, कारण सोबतचे चार गवंडी त्यांच्या हाताखाली शिकले.

९ मे

दक्षिणेच्या भिंतीचा दर्जा (विटांमधल्या सांध्यांतला चुना) भरला होता, तो हाताने खरवडला तर पीठ सांडतं. चुना घट्ट व्हायला ओल लागते आणि हवा लागते, दोन्ही हळूहळू. इथे दुपारच्या झळांनी पाणी तासाभरात उडालं आणि आतल्या आत कच्चं राहिलं. विटा आधी भिजवल्या होत्या, गोणपाट टांगलं होतं, दिवसातून तीनदा पाणी मारत होतो, तरी पुरलं नाही.

मिस्त्री बाबा म्हणाले, "ताई, हे काम उन्हाळ्याचं नाही. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत करायचं. आता थांबा." थांबलो. भरलेला सगळा दर्जा काढला. माल, मजुरी धरून ८० हजार गेले. बाहेरच्या चुन्याच्या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. आतल्या भिंती पावसाळ्यातही करता येतात, झाकण असेल तर. आम्ही वेळापत्रक त्याप्रमाणे उलटंपालटं केलं आणि उन्हाळ्यात विजेची आणि शौचालयाची कामं पुढे ओढली.

३ जून

काचेच्या पट्ट्या. नैऋत्य कोपऱ्याच्या दोन फुटल्या, तडा जानेवारीपेक्षा साधारण चार मिलिमीटर रुंद झाला. बाकीच्या शाबूत.

कोपऱ्याशी चाचणीचा खड्डा घेतला. पाच फुटांवर पाया, पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद केलेला, पण काळ्या मातीवरच. मुरूम आठ फुटांवर लागला. काळी माती उन्हाळ्यात आकसते, खड्ड्याच्या कडेला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा दिसत होत्या. आणि कडुनिंब त्याच कोपऱ्यातली उरलेली ओलही ओढून घेतो. त्यामुळे कोपरा खाली बसतो आणि पावसाळ्यात फुगून परत वर येतो.

एका सल्लागाराने पायाखाली पाइल, म्हणजे खालच्या टणक थरापर्यंत नेलेले खोल खांब, घालायला सांगितले होते. खर्च ऐकून काकाजी गप्प झाले. मी पावसाळा संपेपर्यंत निर्णय लांबवायची परवानगी घेतली. तडा आपोआप परत मिटला तर इमारत खचत नाही, ऋतूप्रमाणे हलते आहे, आणि तिला पाइल लागत नाही. मातीतली ओल वर्षभर सारखी ठेवावी लागते.

झाड तोडा असं सगळ्यांनी सांगितलं. तोडलं नाही. एवढं मोठं झाड एकदम काढलं तर त्याने ओढून ठेवलेली ओल मातीत साचते, माती फुगते आणि कोपरा उलट वर उचलला जातो. फांद्या उतरवल्या, तहान कमी केली.

इमारतीभोवती तीन फुटांचा पट्टा खणून काळी माती काढली, मुरूम थराथराने धुम्मस केला, बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि वर शहाबादी फरशी. काँक्रीटचा पट्टा मुद्दाम टाळला, तो मातीबरोबर हलत नाही, तडकतो आणि त्या तड्यातून पाणी नेमकं पायाशी जातं. पट्ट्याच्या कडेला नाली, ती थेट रस्त्याच्या नालीपर्यंत.

२२ जून

पहिला मोठा पाऊस. नवं छप्पर कोरडं. भिंतीही कोरड्या. पण मधल्या रांगेतल्या तीन खांबांच्या तळाशी पाणी उभं, आणि एका खांबाच्या अंगातून कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची धार.

आम्हाला सगळ्यांना हे खांब भरीव वाटत होते. ते पोकळ आहेत. दोन छपरांमधल्या पन्हळीचं पाणी याच खांबांच्या पोटातून खाली जमिनीखालच्या नालीत सोडलेलं आहे. जुन्या गिरण्यांमध्ये ही पद्धत होती, पण छपरावर पन्हळीत गाळ एवढा होता की भोकं दिसलीच नाहीत. नवीन पन्हळ बसवताना गाळ निघाला आणि वाट मोकळी झाली.

वरून टॉर्च टाकला तर फक्त काळोख. लोखंडी सळीला हूक करून खाली सोडला आणि ओढायला लागलो. आधी पारव्यांच्या काड्या आल्या, मग पंखांची रास, आणि त्याखाली कापूस. इतक्या वर्षांचं उडालेलं तूस पाण्याबरोबर आत जाऊन बसलं होतं, दाबून करकचलेलं, काळंकुट्ट, हाताने पिळलं तर गंजाचं लाल पाणी गळत होतं. एका खांबातून दोन घमेली भरली. मजूर म्हणाले, प्रेसवाल्यांनीही एवढी घट्ट गाठ बांधली नसेल.

११ जुलै

धार लागलेल्या त्या खांबाला आतून गंज धरून उभी चीर गेली आहे. स्थानिक वेल्डरने मला न विचारता साध्या रॉडने ती जोडली. थंड होताना वेल्डच्या शेजारून टक् असा आवाज आला आणि नवी चीर वेल्डला समांतर पळाली. बीड ठिसूळ असतं, एका जागी तापवून तसंच सोडलं की आपसूक फुटतं. निकेलच्या रॉडने, आधी सावकाश तापवून करता येतं, पण भार असलेल्या खांबावर ते धाडस करायचं नाही असं ठरवलं.

केलं ते असं. शेजारी तात्पुरते लोखंडी टेकू लावून खांबावरचा भार काढला. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग दोन अर्ध्या कड्यांचे जाड पोलादी पट्टे खांबाभोवती बोल्टने आवळले, मधे शिशाचा पातळ पत्रा घालून, कारण बिडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. सगळ्या खांबांची तोंडं वर बंद केली. पन्हळीला दोन्ही टोकांना उतार काढून पाणी बाहेरच्या भिंतीवरच्या पाइपांत सोडलं. पन्हळ मोठी लागली, पाइपही मोठे, आणि पन्हळीच्या तोंडाशी जाळी. दर पावसाळ्याआधी ही जाळी साफ करायचं काम भाडेकरारात लिहिलं आहे.

जुन्या शेडमध्ये बिडाचे खांब असतील तर पहिल्याच दिवशी वर चढून त्यांची तोंडं बघा. आमचे तीन आठवडे आणि टेकूचं भाडं इथे गेलं.

१९ ऑगस्ट

लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून फुटणारे क्षार. आतल्या भिंतींना कमरेपर्यंत कोणी तरी सिमेंटचा गिलावा केला होता, ओल दिसू नये म्हणून. ओल त्याच्या आड चढली आणि गिलाव्याच्या वरच्या काठावर फुटली. तिथल्या विटा इंचभर खाल्ल्या गेल्या आहेत, हात लावला की पांढरी भुकटी. मिस्त्री बाबा भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, "या भितीले सिमेटानं दम घेऊ देला नाही." दुसरं काही कारण शोधायची गरज नाही.

गिलावा छिन्नीने काढला. ब्रेकर लावू दिला नाही, त्याने विटेचा चेहरा निघून येतो. एक माणूस दिवसाला जेमतेम तीन-चार चौरस मीटर काढतो, तेवढं धरूनच चला. मग कागदाच्या लगद्यात माती कालवून भिंतीला लेप दिला, वाळला की काढायचा, पुन्हा द्यायचा. लेपाबरोबर क्षार बाहेर येतात. तिसऱ्या लेपानंतर भुकटी कमी झाली. खाल्लेल्या विटा कापून जुन्याच विटा बसवल्या आणि वरून चुन्याचा पातळ गिलावा, एका थरात अर्ध्या इंचाच्या आत. रंग फक्त चुन्याचाच. भाडेकरूंनी पुढे प्लॅस्टिक रंग लावू नये हेही करारात आहे.

३० सप्टेंबर

नैऋत्येचा तडा मिटला. काचेचे तुकडे पुन्हा एकमेकांना जवळजवळ टेकले आहेत. पाइलचा विषय संपला. काकाजींनी तडा स्वतः येऊन पाहिला, बोट फिरवलं.

चांदीच्या कारागिरांबरोबर बैठक झाली. त्यांना ज्योत लागते, गॅसच्या टाक्या लागतात आणि दागिना उजळायला तेजाब. मोठ्या शेडच्या सागाच्या छपराखाली यातलं काहीही नको, हे पहिल्यापासून ठरलेलं. बॉयलरघराचं छत लोखंडी गर्डरवर विटांच्या लहान कमानींचं आहे, भिंती सर्वांत जाड. आगीचं काम तिथेच होत होतं, तिथेच ठेवलं. जागेचा स्वभाव बघून भाडेकरू बसवला की अर्धे प्रश्न उठतच नाहीत.

तेजाबाची वाफ मात्र नवी. कोणी तरी सुचवलं की जुन्या चिमणीला धूरमार्ग आहेच, वाफ तिथेच सोडा. आकर्षक कल्पना, पण आम्ल चुन्याला खातं. दहा वर्षांत चिमणीचे सांधे पोकळ होतील. वेगळा फायबरचा पाइप आणि पंखा बसवला, उजळणीच्या टेबलावर झाकण. सांडपाणी आधी टाकीत घेऊन त्यातलं तेजाब चुन्याने मारायचं, मगच नालीत. हौदातला उरलेला चुना इथे कामी आला.

आगीचं : महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियम २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडूनच यंत्रणा बसवावी लागते, आणि देखभालीचा नमुना 'ब' दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. हा खर्च दर वर्षाचा आहे, एकदाचा नाही.

१४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर बाहेरचा दर्जा पुन्हा भरला. या वेळी गोणपाट ओलं राहतं आहे, सकाळचं दव मदतीला. नखाने खरवडून पाहिलं, निघत नाही.

रेचे आणि लाइन शाफ्ट भंगारात द्यायचे की नाही यावर शेवटचं बोलणं झालं. भंगारवाल्याने वजनावर भाव दिला होता, रक्कम लहान नव्हती. काकाजींनी नाही म्हटलं. शाफ्ट वर तसाच ठेवला, त्याचे ब्रॅकेट तपासून घेतले आणि त्यावर काहीही टांगायला मनाई केली. रेचे दाराशी ठेवले, भोवती कठडा. शेजारी सरकी, रुई आणि १७० किलोची गाठ म्हणजे काय हे लिहिलेला फलक लावायचा आहे, मजकूर मी लिहिते आहे.

हिशोब, पहिल्या टप्प्याचा, अंदाजे :

छप्पर, कैच्या, अ‍ॅस्बेस्टॉस धरून ३६ लाख
चुन्याचं सगळं काम २१ लाख
वीज आणि अग्निशमन १७ लाख
भोवतीचा पट्टा, नाली, पाइप ९ लाख
खांब आणि इतर लोखंड ७ लाख
शौचालयं ६ लाख
मोजणी, तपासणी, शुल्क ४ लाख

म्हणजे एक कोटी, चौरस फुटाला ९०० च्या थोडं वर. तेवढंच नवीन बांधायचं तर आमच्याकडे याच्या दुपटीच्या आसपास गेलं असतं, आणि पाडण्याचा खर्च वेगळा. छप्पर आणि पाण्याची वाट मिळून जवळजवळ निम्मा पैसा गेला आहे. कुणी दहा टक्क्यांत छप्पर बसवून देतो म्हणाला तर त्याचं अंदाजपत्रक पुन्हा वाचा.

१२ जानेवारी २०२५

शेडमधले १४ पैकी ९ गाळे भाड्याने गेले. शनिवारी मोकळ्या जागेत बचत गटांची विक्री भरते. बॉयलरघरात सहा कारागीर बसले आहेत; उजेड चांगला आहे आणि आवाज घुमतो, अशी त्यांची तक्रार आणि कौतुक एकाच वाक्यात आलं. आवाजासाठी छताखाली कापडाचे पट्टे बांधून बघणार आहोत, बॉयलरघरात मात्र आग न धरणारंच कापड.

दुसऱ्या टप्प्यात आधी प्रेसघर. प्रेसच्या खड्ड्यात पाणी आणि जुनं तेल आहे. उपसा एप्रिलमध्येच करायचा. पावसाळ्यात भोवतीची माती ओली असताना रिकामा केला तर खड्ड्याच्या भिंती आत ढकलल्या जातील. तेल वेगळं काढून तेलाच्या कचऱ्याच्या परवानाधारकाकडे द्यायचं.

चिमणीच्या वरच्या सहा फुटांत पिंपळ उगवला आहे आणि एक तडा आहे. पिंपळ ओढून काढायचा नाही, विटांसकट येईल. बुंध्याशी कापून मुळं जागेवरच मारायची आणि सांधे चुन्याने भरायचे. परांची आणि वीजरोधकाचे दर मागवले आहेत, दोन ठिकाणचे आले, तिसरा आला की इथे लिहीन. तोवर चिमणीच्या बुडाशी कोणाला गाळा दिलेला नाही.